मायच्या उठण्याचं माप

प्रिय अण्णा,

सोमवारी सकाळच्या गाडीने मला पुण्याला परतायचंय, आणि मी जावं की नाही हे विचारायला तुमच्याशिवाय कुणी नाही. म्हणून लिहितेय. तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा फोन होता, आणि फोनवर तुम्ही "बराबर आहे, ठेव" याच्या पुढे कधी गेला नाहीत. आता निदान मधेच ठेवून तरी देता येणार नाही!

तुमच्याच शेडमध्ये, तुमच्या बाकड्यापाशी बसलेय. दुपार आहे, वैशाखाचा पत्रा तापलाय, लॅपटॉपचा पंखा घरघरतोय. तुमची वाकस, रंधे, पटाशा, सगळी सुतारकामाची हत्यारं भिंतीवर जिथल्या तिथे आहेत. मी फक्त बाकड्याची एक बाजू झाडून घेतली. तिथे आता तारा, मोटारीचे सुटे भाग आणि प्लास्टिकच्या चार मुठी पडल्यात. चारही मीच थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या, चार वेगवेगळ्या आकारांच्या. मायला दाखवल्या तर म्हणाली, दोडके वाळत घातलेत का?

आधी काय करून बसलेय ते सांगते. घाबरलेय का, ते मग.

मायला लकवा मारला त्याला दोन वर्षं झाली. उजवा हात बराचसा परत आला, उजवा पाय अर्धामुर्धाच. एकदा उभी राहिली की काठी घेऊन न्हाणीपर्यंत जाते, येते. अडतं ते उठताना. बाजेवरून उभं राहायचे ते दोन क्षण तुम्ही सांभाळत होतात. ती हाक मारायची, तुम्ही हातातलं काम टाकून शेडमधून जायचात, आडवा हात धरायचात आणि ती उठायची. दिवसातून किती वेळा? तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. मागच्या पोळ्यानंतर तुम्ही अचानक गेलात. दहावा व्हायच्या आत मायने मला विचारलं, "आता मला उठवील कोण?" मला वाटलं, दुःखाने बोलतेय. पण ती खरोखरच विचारत होती.

राग येतो तुमचा. साऱ्या पंचक्रोशीला कुऱ्हाडीचे, खोऱ्याचे दांडे करून दिलेत, पेरायच्या तिफणी करून दिल्यात, आणि मायला धरून उठायला एक खुंटा तेवढा रोवला नाहीत! मी आहे की, असंच मनात असणार. आणि माझाही राग येतो. सणावाराला मी यायचे तेव्हा तुम्ही तिला रोज माझ्यासमोर उठवत होतात. एकदा नीट पाहिलं असतं, मोबाईलवर काढून ठेवलं असतं, तर आज माझ्या हाती काहीतरी असतं. मी त्या वेळी चहा गाळत असायचे.

तर मी तिच्यासाठी एक आधार बनवलाय. बाजेशेजारी फरशीत पक्का केलेला लोखंडी खांब, आणि त्यावर वर-खाली सरकणारी मूठ. मायने मूठ धरून जोर लावला की मोटार मूठ हळूहळू वर नेते आणि माय तिच्यासोबत उभी राहते. हे झालं वरवरचं. आतली गंमत तुम्हाला आवडली असती. मुठीच्या रबराखाली दाब मोजणाऱ्या चार चकत्या आहेत. त्यांचा आकडा काडेपेटीएवढ्या एका पाटीवर जातो. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. ही पाटी तो आकडा घरातल्या वायफायवरून माझ्या लॅपटॉपमधल्या चित्राला देते. त्या चित्रातली प्रत्येक रेघ दुसरीला बांधलेली आहे. बाजेची उंची बदला, खांब बदलतो. दाबाचा आकडा बदला, मुठीची जाडी, तिचा बाक, मोटारीचा वेग, सगळं नव्याने जुळून येतं आणि वेगाचा आकडा पाटीकडे परत जातो. म्हणजे मायचा हात तिकडे दाबतो, चित्र इकडे हलतं, आणि चित्र हललं की तिकडची मूठ हलते. मुठीचा आकार बदलला असेल तर मी नवी छापून बसवते.

वायफाय गेलं तर पाटी शेवटच्या आकड्यांवर काम करते. लाईट गेली तर मूठ आहे तिथेच थांबते, मळसूत्रावर बसवली असल्यामुळे खाली घसरत नाही. लाईट जाणार हे धरूनच केलंय, मी काही पुण्यात जन्मले नाही.

तिफण करताना तुम्ही हेच करत होतात ना? एक माप हाती आलं की हातात धरायच्या रुमण्याची उंची, दांडीची लांबी, फणांमधलं अंतर, सगळं तुमच्या डोक्यात आपोआप लागायचं. कागद नाही, पेन्सिल नाही. मी ऑफिसात नवीन पोरांना हे चित्राचं सॉफ्टवेअर शिकवते तेव्हा मला तुमचीच आठवण येते, पण त्यांना सांगत नाही. सुतारकामाचं उदाहरण दिलं की ती हसतात.

पहिले चार दिवस सगळं इतकं छान झालं! माय मूठ धरायची, पडद्यावरचा आकडा अलगद चढायचा, मोटार गुणगुणायची आणि माय उभी. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा उभी. समोरच्या गयाकाकू, ज्या तुम्ही गेल्यापासून मायचा स्वयंपाक बघतात आणि आल्या-गेल्या तिला उठायला हात देतात, त्या दर वेळी बाजेवर तिच्या मागे बसून तिचा पदर सावरायच्या आणि मशीन एक नंबर आहे म्हणायच्या. तिला फार जोर लावावा लागत नाही असं मी धरलं. त्या हिशेबाने मूठ बारीक केली, मोटारीचा जोर उतरवला, ऑफिसच्या मॅडमना व्हिडिओ पाठवला आणि सोमवारी निघते म्हणून कळवून टाकलं. केवढी शहाणी तुमची लेक!

बुधवारी खांबाचे दोन बोल्ट आणायला अंबडला गेले. जाताना पाटी बंद करायची विसरले. एसटीने परत यायला संध्याकाळ झाली. लॅपटॉप उघडला तर दुपारची सगळी नोंद समोर. दोन ते तीनच्या मधे कुणीतरी मूठ धरली होती. माझ्यासमोर यायचा त्याच्या तिप्पट आकडा, तोही झटक्याझटक्याने. चढला, पडला. चढला, पडला. असं सात वेळा.

मी मायला विचारलं, दुपारी काय केलंस? ती म्हणाली, झोपले होते, चांगली झोप लागली. गयाकाकू तर जेवण उरकून दोनच्या आधीच घरी गेलेल्या.

मी आधी तारांवर संशय घेतला. उन्हाने चकत्या बिघडल्या असतील, एखादा जोड सुटला असेल. सगळे जोड तपासले, चकत्यांवर एक किलोचं वजन ठेवून आकडा पाहिला. मशीन खरं बोलत होतं. मग खोटं कोण बोलतंय, हे कळायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. पण मायला पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. माणूस लपवतो ते कशासाठी तरीच लपवतो.

आणि मला तो तिफणवाला आठवला. मी सातवीत असेन. अंबडकडचे कुणी पाहुणे तिफण सांगायला आले होते, आणि मी मोठ्या तोऱ्यात टेप घेऊन त्यांच्या कोपराची उंची मोजली, खडूने बाकड्यावर लिहूनही ठेवली. तुम्ही ती बघितलीसुद्धा नाहीत. त्यांना ओट्यावर बसवलंत, चहा दिलात, त्यांच्या पोरीच्या सोयरिकीची चौकशी केलीत. अर्ध्या तासाने ते गुडघ्यावर हात टेकून उठले तेव्हा तुम्ही एकदाच मान वर करून पाहिलंत. रुमणं माझ्या मापापेक्षा चार बोटं खाली धरलंत. मी रुसले तर म्हणालात, "पोरी, टेपासमोर समदे ताठच उभे ऱ्हातात."

अण्णा, हे मला माहीत होतं. तुमच्याकडूनच शिकले होते. तरी मी माझ्या आईला टेपासमोर उभं केलं आणि तिच्या ताठपणावर अख्खं मशीन रचलं.

काल, गुरुवारी, मी जे केलं ते तुम्हाला पटेल की नाही ठाऊक नाही. मायला म्हटलं, घनसावंगीला जाऊन येते, दोन-तीन तास लागतील. फाटकाचा आवाज केला आणि मागच्या बाजूने इथे शेडमध्ये येऊन बसले. लॅपटॉप उघडला. तुम्ही चहा पाजून बघत होतात, ते वेगळं. मी माझ्या आईवर चोरून नजर ठेवली.

दोन वाजून गेल्यावर रेघ हलली. चढली, थरथरली, पडली. म्हणजे माय अर्धी उठून पुन्हा बाजेवर बसली. पुन्हा चढली. मधे पाच मिनिटं काही नाही, तेव्हा ती दम खात असेल. पुन्हा चढली. मी वीस पावलांवर बसून माझी आई पडताना आलेखात बघत होते. उठून जावं तर ती सगळं लपवून पुन्हा ताठ होणार, आणि न जावं तर मी कसली लेक? तुम्ही असतात तर काय केलं असतं, सांगा ना!

आठव्यांदा आकडा चढला आणि टिकला. मग हळूहळू उतरत गेला आणि शून्यावर आला.

शून्य. शून्याचा अर्थ एवढाच, की मुठीवर हात नाही. माय उभी राहिली म्हणून हात सोडला, की हात सुटून ती खाली आली? मशीनला दोन्ही सारखंच. एवढे दिवस त्या चित्राच्या मागे होते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी धावले. बाकड्याचा कोपरा मांडीला लागला, आज काळानिळा डाग आहे.

माय दाराची चौकट धरून उभी होती. घामाने पोलकं भिजलेलं, केस सुटलेले. मला बघून तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"तू घनसावंगीला गेल्तीस न्हाई का?"

मी सांगितलं, गेले नव्हते. शेडमध्ये होते आणि सगळं बघत होते. ती काठी टेकत बाजेकडे गेली, बसली, बराच वेळ पदराने मान पुसत राहिली. मी विचारलं, माझ्यासमोर तर एका दमात उठत होतीस, मग एकटी असताना सात-सात वेळा का पडतेस?

"तवा गया उचलीत होती," ती म्हणाली. "मागून कंबरला हात घालून."

"का पण?"

"तुझी मशीन नापास होईल म्हून."

पदर सावरणं म्हणजे हे होतं, अण्णा! संध्याकाळी गयाकाकूंना विचारलं तर त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, शाळेत साहेब तपासणीला येतात तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर सांगतातच ना, तसं. पोरगी पुण्याहून एवढं सामान घेऊन आली, तिची मान खाली जाऊ द्यायची का? दोघींनी मिळून ठरवलं होतं. आणि माय दुपारी चोरून सराव करत होती, कारण सोमवारनंतर मी नसणार आणि काकू काही चोवीस तास मागे बसणार नाहीत, हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. बुधवारी मी पाटी बंद करायला विसरले नसते तर? दोन बायकांच्या जोरावर बेतलेलं मशीन एका बाईच्या भरवशावर सोडून मी आज बॅग भरत असते. आणि एखाद्या दुपारी, काकू घरी गेल्यावर, पुण्यात माझ्या पडद्यावर शून्य आलं असतं. मी म्हटलं असतं, वा, उठली.

रात्री जेवताना मी मायला ते विचारलं जे दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. अण्णा तुला कसे उठवायचे?

ती घास हातात धरून थांबली. मग म्हणाली, "ते उठवीत न्हव्हते. हात द्यायचे अन् उभे ऱ्हायचे. ओढायचे न्हाई, जल्दी कर म्हनायचे न्हाई. मी उठले म्हंजे मंग हात काढायचे."

आणि मी काय केलं होतं? दाब वाढला की मुठीचा वेग वाढावा, असं बांधलं होतं. बिचारी माय जीव खाऊन जोर लावायची आणि मूठ तिच्या हातातून वर पळायची! तुम्ही कधी पळाला होतात का तिच्या हातून? आज सकाळी सगळं उलटं बांधलं. आता ती जितका जोर लावेल तितकी मूठ घट्ट, जागची न हलणारी. तिचं वजन पायांवर जाऊन मुठीवरचा दाब उतरू लागला की मगच मूठ तिच्या मागोमाग वर जाते. मोटारीचा उतरवलेला जोर परत चढवला. जाड मूठ छापली. ती पाचवी.

मग गयाकाकूंना दाराशी, हात मांडीवर ठेवून बसवलं आणि मायला म्हटलं, आता उठ. दहा वेळा केलं. सहा वेळा उभी राहिली. चार वेळा मागे बसली. बसली ती बाजेवरच बसली, कुठे लागलं नाही.

सहा! कालपर्यंत आठातून एकदा होतं, म्हणजे सहा थोडे नाहीत. माय तर खूश आहे. म्हणतेय, सहा बराबर आहेत, तू बिनघोर जा, तुझी नोकरी माझ्या गुडघ्याला बांधून घेऊ नको. काकूही तेच म्हणतात. मॅडमचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला. आणि मला त्या सहांमधला एकही आठवत नाही, ते चारच दिसतात. माझी भीती खरी आहे की दहापैकी दहाच हवेत ही माझी जुनी हौस आहे, तेही कळत नाही. तुम्ही तिला सव्वा वर्ष एकट्याने सांभाळलंत, तुम्हाला भीती वाटायची का? वाटत असेल तर बोलला का नाहीत कधी?

आत्ता माय घरात एकटी आहे. तिनेच मला इथे पाठवलं. या वेळी चोरून नाही, तिला माहीत आहे की आकडा माझ्यासमोर आहे. अट एकच घातली, हाक मारल्याशिवाय यायचं नाही. तासभर झाला, रेघ सपाट आहे. तोवर तुम्हाला लिहीत बसले.

थांबा. चढली.

थरथरतेय. आता थांबली, एका जागी. मूठ घट्ट धरून बसली असेल. उतरायला लागली, सावकाश. उतरतेय. शून्य.

अण्णा, मी उठले नाही. दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसले. आकडे मोजायचे नाहीत असं ठरवूनही मोजत होते. तीस झाले, चाळीस झाले, घरातून काही आवाज नाही. साठाच्या पुढे मला मोजता येईना. मग काठीचा आवाज आला. तो न्हाणीकडे न जाता ओट्यावर आला, पायरी उतरला, अंगणात आला. ऊन इतकं, की डोळ्यांवर हात धरल्याशिवाय काही दिसत नव्हतं.

माय शेडच्या दारात उभी होती. तुम्ही गेल्यापासून ती इकडे एकदाही आली नव्हती. काकूंनी किती वेळा म्हटलं, जाऊन बस जरा, तर नको म्हणायची. आत आली, भिंतीवरची सगळी हत्यारं एकेक करून पाहिली, बाकड्यावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "सरक. बसू दे."

तुमच्या स्टुलावर बसलीय. मी खाली भुश्शात बसून हे पूर्ण करतेय. तिला सांगून टाकलं, सोमवारी जात नाही, दहापैकी दहा झाले की जाईन, मॅडमना काय वाटायचं ते वाटो. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, कुणाला लिहून राह्यलीस? मी म्हटलं, अण्णांना.

स्टूल बाजेपेक्षा ठेंगणं आहे आणि इथे खांब नाही, मूठ नाही, काही नाही. थोड्या वेळाने तिला उठायचं असेल, तेव्हा माझ्यासमोर हात धरेल. मी आडवा हात देईन आणि उभी राहीन. ओढणार नाही. कितीही वेळ लागला तरी जल्दी कर म्हणणार नाही. आणि ती उठल्याशिवाय हात काढणार नाही, हा तुम्हाला शब्द देते.

तुमची,
मनी